खटक्याचं दार

भाऊ : हळू बोल गं ताई, दुकानात गिऱ्हाईक आहे.

ताई : ऐकू दे की. काचेच्या दुकानात बसणारे शेठ घरचा फ्रिज ओढ्यावर फेकतात, कळू दे त्यांनाही.

भाऊ : मी नाही फेकला. टेम्पोवाल्याला दिला.

ताई : आणि तो कुठे नेणार हे तुला ठाऊक नव्हतं! कुक्कुलं बाळ ना तू.

भाऊ : सगळेच टाकतात तिथे. सोफे, गाद्या, काय वाटेल ते. आपल्या एका फ्रिजनं आभाळ कोसळतंय का?

ताई : पालिकेला फोन केला असतास तर गाडी दारात आली असती. फुकट.

भाऊ : आली असती, आठवड्यानं! तोवर ते धूड जिन्यात. वर यांची अट, दार काढून ठेवा. दाराचं काय लोणचं घालायचंय यांना?

ताई : बाबांच्या वेळचा फ्रिज तो. खटका बाहेरून. आत कुणी अडकलं तर उघडता येत नाही, म्हणून अट. दोन बिजागऱ्या काढायच्या होत्या फक्त. पण शेठजींचे हात मळले असते.

भाऊ : फ्रिजमध्ये कोण जाऊन बसतंय?

ताई : पोरं. सकाळी बघून आले. कप्पे काढून फेकलेत, आत चादर अंथरलीय. दार काढायला गेले तर बोल्ट गंजलेले, माझ्यानं हलेनात. पाना घे आणि चल, शाळा सुटायच्या आत.

भाऊ : धंदा सोडून? लोकांच्या पोरांसाठी? त्यांच्या आईबापांना जाऊन झाप ना. आपलं पोर कुठे उंडारतंय त्याचा पत्ता नसतो असल्यांना. पोरं काढायची नि मोकाट सोडायची!

ताई : लोकांच्या पोरांसाठी हलशील, असं वाटलं होतं मला. मीच मूर्ख.

भाऊ : आणि तो फ्रिज आपलाच, हे कुणी सांगितलं तुला?

ताई : तुझ्या लेकीनं.

भाऊ : काय?

ताई : काल झोपताना माझ्या कानात सांगत होती. ‘आत्या, आजोबांच्या फ्रिजमध्ये आमचं घर आहे. एकीनं बाहेर थांबायचं, उघडायला. दार लावलं ना, की आईच्या हाका ऐकूच येत नाहीत.’

(भाऊ खुर्ची सरकवून उठतो.)

भाऊ : ताई... तिची शाळा किती वाजता सुटते गं?