लग्न करायचं राहून गेलं

(तलासरी. सरकारी कचेरीबाहेर टायपिंगचं टेबल. टायपिंगवाली जयश्री, म्हातारी नवशी आणि तिचा मुलगा लाहू.)

जयश्री : आजी, अंगठा लावायच्या आधी नीट ऐका. हे एकदा लिहून दिलं, की हाल्याबाबांच्या पेन्शनवरचा तुमचा हक्क कायमचा गेला.

नवशी : हक्क हाय कुठं, बाय? पेन्शनवाला साहेब म्हणतो, लग्नाचा दाखला आण. आमच्यात आधी घर मांडतात. लग्न मागाहून, पैसा जमला की. आमचा जमलाच नाय.

जयश्री : मग निराधारचा अर्ज?

लाहू : तोच तर परत आला ना, ताई! हे साहेब म्हणतात, नवरा वनमजूर होता, कायम झालेला, पेन्शन खात मेला. त्याची बायको निराधार कशी?

नवशी : म्हणजे त्या कचेरीत मी त्याची कोण नाय, आणि या कचेरीत मी त्याची बायको. वा रे सरकार! जंगलात वणवा लागला की डोंगरावर त्याची भाकर मी न्यायची. तेव्हा कोणता साहेब आला नाय विचारायला, तू याची कोण म्हणून.

लाहू : म्हणून तर लिहून द्यायचं, लग्न झालंच नव्हतं. एकटी म्हातारी म्हणून तुझे पैसे चालू होतील. आणि खोटं थोडंच आहे?

नवशी : तू तर बोलूच नको! तुझ्याच मांडवात आमचं लग्न उरकणार होतो. सगळे उरकतात. लग्न लावायला धवलेरी बाई पण सांगून ठेवलेली. तुला लाज वाटली.

लाहू : आये, घोलवडचे दोस्त आलेले. पोराच्या लग्नात आईबापाला हळद? हसले असते.

नवशी : मग नाय हसले ना? झालं तर.

जयश्री : लाहूभाऊ, कोर्टात जाता येईल. गावचे साक्षीदार उभे करा. वर्षं लागतील, पण...

लाहू : मी चिकूच्या पेट्या भरतो, ताई. वकील कुठून आणू? आणि तोवर हिनं काय खायचं?

नवशी : म्हातारा गेला तेव्हा माझ्या बांगड्या फोडल्या. तेव्हा कोणी दाखला मागितला नाय.

लाहू : आये, मागं लोक खोळंबलेत.

नवशी : खोळंबू दे. वाच बाय, काय लिहिलंस.

जयश्री : ‘मयत हाल्या यांच्याशी माझा विवाह झालेला नाही. त्यांच्याशी माझा कोणताही संबंध नव्हता.’

नवशी : कोणताही?

जयश्री : साहेबांना तसंच लागतं, आजी.

नवशी : मग हा लाहू?

जयश्री : त्याचं यात काही लिहायचं नसतं.

लाहू : आये... राहू दे. घरी जाऊ.

नवशी : घरी जाऊन काय शिजवू? तू जरा तिकडं तोंड कर, लाहू. हां. कुठं लावायचा, बाय?