झुंबरवैनीची नजर

(सांगवी, १९३४. डाळिंबाच्या बागेचा बांध. धोंडाबाई, बारामतीच्या शाळेत जाणारी तिची लेक सिंधू, आणि बांधाच्या अलीकडेच उभी राहिलेली नवी सून झुंबर.)

सिंधू : व्हय गं आये, वैनीच्याच नजरेनं! किती गुणाची नजर बघ. डाळिंबाला गोल भोक पाडती, आत शिरती, दाणं खाती, वर भोकाच्या तोंडाशी भुसाबी रचून येती. सुताराला जमायचं न्हाय!

धोंडाबाई : दात काढू नगंस. ही अंथुर्ण्यासनं आली आन् पयल्याच बहाराला निम्मी फळं किडली. गाडी जुंपलीया. माहेरी घालवायची, बास.

सिंधू : बागंत तर तू तिला पाऊल टाकू देत न्हाईस. मग नजर काय बांधावरनं उडी मारती? आन् झाडाला फाटकी वहाण टांगलीस ती कुणासाठी? किडं अनवाणी फिरत्यात म्हनून?

धोंडाबाई : शाळंत हेच शिकिवत्यात व्हय?

सिंधू : न्हाय, तितं गप बसायला शिकिवत्यात. मला तेवढंच येत न्हाय. ह्या दोन बरण्या बघ.

धोंडाबाई : माज्या लोनच्याच्या बरण्या!

सिंधू : लोणचं संपलं हुतं, अळ्या न्हाय. हिच्यात किडक्या डाळिंबातली अळी ठिवली हुती. फडकं उचल. काय निघालं?

धोंडाबाई : पतंग. पिवळा. काळं ठिपकं हायेत.

सिंधू : आन् दुसरीत?

धोंडाबाई : त्योच की! ही कुठल्या झाडाच्या डाळिंबातली?

सिंधू : डाळिंबातली न्हायच. बांधावरच्या एरंडाच्या बोंडातली.

धोंडाबाई : खोटं. आन ते बोंड हिकडं. फोडते... अगं बया! हितंबी तसाच भुसा!

सिंधू : बोंडात वाढायचं, पतंग व्हायचं, शेजारच्या डाळिंबावर अंडी घालायची. मुक्कामाची झकास सोय! वैनी आली त्याच साली ह्यो एरंड लागला. कुणी लावला गं? आठवतंय का?

धोंडाबाई : घरचं त्येल व्हईल म्हनून... म्या लावला.

सिंधू : मग आता माहेरी कुणी जायचं? दादा उभाच हाय गाडीपाशी, बैलासारखा. फकस्त शिंगं न्हाईत.

झुंबर : वन्सं, पुरं करा आता.

धोंडाबाई : बोलू दे तिला. आज तिचा दिवस हाय... झुंबर, कोयता आन. एरंड तोडायचा.

झुंबर : आत्याबाई, मी... बागंत आले तर चालंल?

धोंडाबाई : ये. पदर सावर, डाळिंबाला काटं असत्यात.