चार आण्याचं गिऱ्हाईक

चार आण्याला चहा मिळायचा, तवाची गोष्ट हाय ही. आमचा सदाकाका मिलिट्रीत हवालदार. सुट्टीवर आला आणि आम्हाला घेऊन आष्ट्याच्या जत्रंत गेला. तिथं फुगे फोडायच्या दुकानात त्यानं चार आणे देऊन बंदुकीनं पाच छर्रे मारले, तर एकबी फुगा फुटला न्हाई. मागं गावची माणसं हसायला लागली.

काका म्हणाला, "नळी वाकडी हाय रं. छर्रा वीतभर डावीकडं जातोय."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "व्हय. चार आण्याला हीच मिळती. सरळ नळीची पायजे तर आठ आणे."

काकानं परत चार आणेच ठेवले. बंदूक उचलली आणि फुग्यांच्या उजव्या अंगाला उभ्या दुकानदाराच्या टोपीवर नेम धरला.

तो मटकन खाली बसला. "आवं हवालदार, माझ्यावर का?"

"तुझ्यावर कुठं? तुझ्या शेजारच्या फुग्यावर. वीतभर डावीकडं जातोय न्हवं?"

त्यानं बसल्या बसल्याच आठ आण्याची बंदूक वर सरकवली. "ही घ्या. पैसं नकोत."

"नको," काका म्हणाला. "मी चार आण्याचंच गिऱ्हाईक हाय. तू ऊठ, उभा ऱ्हा."