गिअरबॉक्सचं तेल आणि गोठ्याचे खांब

गाडीचं काम घरी काढायचं असेल ना, तर आधी बापाला गावाला धाडा. आमच्या गावी, कामठ्याला, घरच्या अंगणातच मी पिकअपच्या गिअरबॉक्सचं जुनं तेल काढलं. आमच्याकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला असं गाडीतलं जुनं, जळकं तेल लावतात, म्हणून बाबांना म्हटलं, "हे गोठ्याच्या खांबांले लावून टाका." चहा पिऊन आलो, तर खांब चमकून राहिले होते, जळकं तेल तसंच होतं आणि गाडीत भरायला आणलेल्या नव्या तेलाचा डबा रिकामा. सकाळी त्याच गाडीत लग्नाचं सामान न्यायचं होतं.

"बाबा, नवं तेल कायले लावलं?"

बाबांनी शांतपणे हात पुसले. "काऊन? गाडी तुही म्हणून तिले नवं, अन् खांब माह्या बापाचे म्हणून त्यायले जळकं?"