काचेवरचा निळा अंगठा

जमलेल्या सगळ्यांनो, भास्करकाकांच्या घरून, पोशेऱ्याहून आलेल्या काकू, आणि केंद्रातल्या माझ्या वरिष्ठांनो,

मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. कागद लिहून आणला होता, तो घडी करून ठेवलाय. आधी एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही, हेही आत्ताच सांगते. बोट लावून चालवायचं म्हणून जे यंत्र आणलं, त्यावर ‘हात लावू नये’ अशी पाटी लावायचं कोणाला कसं सुचतं?

भास्करकाका आपल्या शेती माहिती केंद्रात टंकलेखक होते. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. तीन वर्षं माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. मघाशी इथे एक वरिष्ठ म्हणाले, "भास्करराव सज्जन माणूस, पण नव्या तंत्राशी त्यांचं जमलं नाही." मी खाली मान घालून ऐकलं. हे खोटं आहे. शोकसभेत असं बोलू नये, मला कळतं. पण गेलेल्या माणसाबद्दल खोटं तरी का बोलावं?

तो टच स्क्रीनचा कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचले होते. मी जामसरची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण चित्रावर बोट ठेवता येतं. मला वाटलं, आता आईला कोणाच्या पाया पडावं लागणार नाही. काका म्हणाले, "बाय, पडदा टेबलावर उभा आहे. भिंत सारवताना हात किती वेळ वर राहतो, ते आईला विचार."

मी म्हणाले, "काका, तुम्हाला तुमचा टाइपरायटर सुटत नाही."

ते हसले. "सुटला की. पण बोटानं दाखवायचं ते बोटानं दाखवावं, लिहायचं ते कळफलकावर लिहावं. आणि पडदा खाली घे, मागे कलता ठेव. मग तुझी आईही वापरेल आणि मीही."

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एवढंच!

पण तपासणी होती. केंद्राच्या साहेबांनी कळफलक आणि माऊस कपाटात टाकले. "टच आहे ना, मग या वायरी कशाला? बरं दिसत नाही." त्या दिवसापासून काका उभ्या काचेवर, एकेक अक्षर दाबत, अख्खे अर्ज लिहायचे. दुपारनंतर डाव्या हाताने उजवं कोपर धरून ठेवायचे. तुम्ही पाहिलंत ना ते? मी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कळफलकासाठी त्यांनी तीनदा लेखी मागणी केली. तोंडी उत्तर मिळालं, "जुळवून घ्या."

मग ती आजी आली. डोंगरातल्या पाड्यावरून चालत आली होती. मीच तिला म्हणाले, "आजी, हितं बोट लाव." आजीने काय केलं? टेबलावरच्या शाईच्या पॅडवर अंगठा घासला आणि काचेवर दाबला. चांगला जोर देऊन. निळाजर्द अंगठा. वर विचारते, "आनखी कुठं देऊ?"

अख्खं केंद्र हसलं. मीही हसले. आजीही हसली, म्हणाली, "नाय उठला का बराबर?"

साहेब ओरडले. काका मात्र हसले नाहीत. खिशातला रुमाल काढून त्यांनी काच पुसली आणि म्हणाले, "आजीचं काय चुकलं? आजवर या टेबलावर तिच्या हाताला आपण एवढंच काम दिलं." मग त्यांनी तिचं बोट धरलं, काचेवरच्या भातपिकाच्या चित्रावर ठेवलं. पान उघडलं. आजी म्हणाली, "आत्ता! माजं बोट चालतं का यानला?"

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. ‘हात लावू नये.’ वर प्लास्टिकचं आवरण. कोणाच्या हातांना ते सांगितलं होतं? साहेबांच्या तर नाही. पाहुणे आले की आवरण निघायचं, पाहुण्यांची बोटं काचेवर फिरायची, फोटो निघायचे. नाचणी पिकवणाऱ्या हातांनी मात्र दारात उभं राहायचं!

आणि जमलं नाही म्हणे काकांना. साहेब दौऱ्यावर गेले की आवरण कोण काढायचं? दारातल्या माणसांना आत कोण बोलवायचं? पोशेऱ्याच्या सुताराकडून बैठं, तिरकं मेज कोणी करून आणलं? काकू, तुम्हाला माहीत आहे. त्या मेजावर पडदा कलता ठेवायची परवानगी मिळाली नाही. त्यावर जुन्या वह्यांचा ढीग रचला गेला.

त्या काचेमुळे काका गेले, असं मी म्हणणार नाही. ते तापाने गेले. पण त्यांच्या खांद्याचं दुखणं आमच्या डोळ्यांदेखत होतं, आणि उपाय कपाटात होता. कपाटाची किल्ली माझ्या खणात होती. माझ्याच खणात. रागावले आहे ती आधी माझ्यावर.

काका, तुम्हाला माझा नमस्कार. तुमच्यासमोर मी हसले, त्याची माफी मागायला उशीर झाला.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. त्याआधी एक सांगते. आज सकाळी इथे येण्यापूर्वी मी कपाट उघडलं. वह्या खाली उतरवल्या. काकांच्या तिरक्या मेजावर पडदा कलता ठेवला, पुढे कळफलक जोडला, शेजारी माऊस. समोर बाकडं टाकलं. आईला सोबत आणलं होतं. ती बसली, भाताच्या चित्रावर बोट ठेवलं, पान उघडलं. हात दुखतो का विचारलं, तर म्हणाली, "मांडीवर तं हाय माजा हात."

ती पाटी मी काढली. माझ्या पिशवीत आहे. ज्यांना परत हवी असेल, त्यांनी ही दोन मिनिटं झाल्यावर सगळ्यांसमोर माझ्याकडे मागावी.

उभे राहू या.