मुद्दाम केलेली चूक

मुद्दाम चूक कर, असं मला आयुष्यात एकदाच कुणी सांगितलं, तेही पोटच्या मुलीनं.

आमची मुग्धा इथे देवासला घरूनच काम करते, तिचा भागीदार नचिकेत धारला असतो. मांडूला फिरायला येणाऱ्यांसाठी हॉटेलच्या खोल्या बुक करायचं ॲप दोघं मिळून बनवताहेत. कोडमध्ये बदल केला की तो आपोआप तपासणारं एक टूल त्यांना हवं होतं. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण, बिघडलं तर लाल. मुग्धाला इंटरनेटवरचं तयार टूल हवं, नचिकेतला आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर चालणारं. आठवडाभर भांडण. "मग आपापलं वेगळं काम करू," इथपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा मी घाबरले.

"अरे, दोन्ही लावून बघा ना," मी म्हटलं.

"चालेल," फोनच्या स्पीकरवर नचिकेत म्हणाला. "कोडमध्ये मुद्दाम एक चूक करू, बघू कुणाचं टूल आधी पकडतं. पण चूक काकू करणार. मुग्धावर माझा भरोसा नाही."

मुग्धानं मला कोडमधली एक ओळ दाखवली. "आई, ही पुसून टाक."

मी आधी ती ओळ वहीत उतरवून घेतली.

"वही कशाला, आई?"

"कुणाची तरी मेहनत आहे गं ती." मग पुसली.

दोन मिनिटांत मुग्धाच्या टूलवर लाल खूण आली.

"काय भिया, तुझं टूल काय म्हणतंय?" मुग्धानं माळवी थाटात नचिकेतला विचारलं.

"धारला लाइट गेलीय," तो हळूच म्हणाला. "तुझंच घेऊ. माझं लाइट आली की सांगेल."