जेवून गेला, का राहिला?

...आणि वर मलाच विचारतात, "फेथबाई, तुम्ही असलं काही वाचताच कशाला!" आता काय बोलायचं? मी वाचलं, एकदाच वाचलं, बुधवारी दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत, वीज गेलेली, बाया वारा घेत बसलेल्या. आणि तेव्हापासून तुम्हाला सांगते, शिरूरच्या स्टँडवर उभी असो की तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात, मी मेथीची जुडी उचलायला वाकले की मागून कुणीतरी खांद्याला हात लावतं आणि हळूच विचारतं, "बाई, तो जेवून गेला, का राहिला?"

कोण म्हणजे? अहो, कोण ते मला तरी कुठं माहीत आहे! त्याला गोष्टीत नावसुद्धा नाही!

थांबा, नीट सांगते. आमची स्त्री-सभा असते दर बुधवारी. गीत, वचन, विनंत्या, प्रार्थना, मग चहा. दुपारची वेळ, बाया पेंगतात. तर पाळकबाई, आमच्या चर्चच्या पाळकांच्या मिसेस, मला म्हणाल्या, "फेथताई, तुमचा आवाज मोकळा आहे, अधूनमधून एखादी चांगली गोष्ट वाचा, म्हणजे जाग राहील." जाग! आता कुणाचाच डोळा लागत नाही, त्याचं काय?

दौंडला आमचे एक गिदोन सर आहेत. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, आता घरी बसून इंग्रजी गोष्टींचं मराठी करतात. त्यांनी मोठ्या प्रेमानं ही दिली. अमेरिकेच्या दक्षिण भागातली, फार जुनी, फार नावाजलेली म्हणे. मला वाटलं अमेरिका म्हणजे बर्फ, उंच इमारती... कसलं काय! कापसाची रानं, लाल माती, अंग भाजणारं ऊन, आणि ओसरीवर बसलेली एक बाई. लविनिया तिचं नाव. नवरा कधीचा कापूस विकायला नदीपार गेला तो परत आला नाही. तरी ही रोज दिवस कलला की ओसरीवर त्याचं ताट वाढून झाकून ठेवते. गाव म्हणतं, वेडी आहे. वर्षं जातात. मग एक दिवस भलताच माणूस येतो, सुया-दोरे विकणारा, धुळीनं माखलेला, पाणी मागायला. ही मान वर करून बघतसुद्धा नाही. म्हणते, "उशीर केलास. जेवण निवलं." तो इकडं बघतो, तिकडं बघतो... टोपी काढतो, खाली बसतो, ताटावरचं झाकण उचलतो.

संपली गोष्ट.

मी कागद मिटले. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब गेला. आणि मग जे सगळ्या एकदम सुरू झाल्या!

"ताटात काय हुतं?" ह्या ताईबाई. त्या पलीकडच्या विहाराजवळ राहतात, सभेत फक्त गोष्टीला आणि चहाला येतात. मी म्हटलं, मक्याची भाकरी आणि घेवडा. "मंग ती कुठली आमेरिका? ही तर आपल्या केंदूरकडची कुणीतरी हाय!"

तेजश्री, कंपनीत जाते, सुट्टी होती म्हणून आलेली, ती म्हणते, "टोपी कसली? गांधी टोपी?" मी म्हटलं, अगं, अमेरिकेत गांधी टोपी कुठून येईल? तर म्हणते, "मग तिनं वर न बघता ओळखलं कसं?" ओळखलं नाही गं! तोच तर मुद्दा आहे! "मग म्हणाली कशी, उशीर केलास?"

आणि कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "बाई, तो जेवून गेला... का राहिला?"

त्या दबोरामावशी. आमच्यातल्या सगळ्यात थकलेल्या. दोघी मिळून आणून बसवतात त्यांना. त्यांचा एकुलता मुलगा एबनेझर जहाजावर नोकरीला म्हणून गेला. आधी फोन यायचे, मग सणाला यायचे, मग तेही थांबले. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. पाळकबाई दर बुधवारी एकेकीला विचारतात, तुमची काय विनंती? कुणाचा गुडघा असतो, कुणाच्या नणंदेचं लग्न असतं. दबोरामावशींचं ठरलेलं, "माझं काय न्हाई. दुसऱ्यांचं घ्या."

मी म्हटलं, "मावशी, पुढचं लिहिलेलंच नाही."

"आसं कसं? ताट उचललं म्हंजी काय तरी झालंच आसंल की."

आता चूक कुठं झाली ते ऐका. आमच्या सभेत वाचलेल्यावर नेहमी प्रार्थना होते. वचन वाचा, साक्ष वाचा, मिशनचं पत्रक वाचा, मागून प्रार्थना ठरलेली. त्या सवयीनं पाळकबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे प्रभू, तुझी लेक लविनिया, दूर अमेरिकेत, त्या ओसरीवर एकटी बसली आहे, तिच्या घरावर तुझा हात असू दे..." आणि सगळ्या म्हणाल्या, आमेन! मीसुद्धा म्हणाले! तोंडातून निघून गेलं!

चहाच्या वेळी मी पाळकबाईंना हळूच म्हटलं, "अहो, गोष्ट आहे ती. ती बाईच नाही." तर म्हणाल्या, "येशूचे दाखलेही गोष्टीच असतात, फेथताई. म्हणून काय सोडून द्यायचे?" आणि आमच्यात रीत अशी, एकदा विनंती घेतली की उत्तर मिळेपर्यंत सोडायची नाही. उत्तर मिळालं की त्या बाईनं उभं राहून उपकारस्तुती करायची, मग ती विनंती सुटते. आता लविनिया कुठून येणार शिरूरला उपकारस्तुती करायला? म्हणजे दर बुधवारी गुडघा, नणंदेचं लग्न आणि लविनिया! गुडघा बरा झाला, लग्न झालं, त्या पोरीला दिवससुद्धा गेले... लविनिया आहे तिथंच!

हसताय? हसा. पण संध्याकाळी माझ्याबरोबर आमच्या आळीतून एक चक्कर मारा. इथं प्रत्येक घरात एक ताट झाकलेलं असतं. कुणाचा नवरा सेकंड शिफ्टला, कुणाचा मुलगा ओव्हरटाइमला. आमचे हे पण सेकंडला. इतकी वर्षं मी त्यांचं ताट झाकून टीव्ही बघत बसायचे, कधी काही वाटलं नाही. आता झाकण ठेवायला हात उचलला की वाटतं, दारातनं कोण येईल? हेच येतील ना? परवा हे आले, मी भाकरी लाटताना... नाही, थापताना, मान वर न करता म्हणून गेले, "उशीर केलात, जेवण निवलं." आणि माझ्याच अंगावर काटा! परात तशीच सोडून बाहेर गेले आणि यांचा चेहरा नीट न्याहाळून आले. हे म्हणतात, "काय गं, मिशी काढली म्हणून बघतीस काय?"

तेजश्री तर ताट झाकतच नाही आता. कुकरमध्ये ठेवते. म्हणते, कुकर कुणी परका उघडत नाही.

आणि दबोरामावशी... त्या आताशा जेवेनात. सून नाही, लेक नाही, आम्हीच पाळीपाळीनं डबा देतो. डबा तसाच परत. बुधवारी माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, दौंडच्या मास्तरला इचारून ये. मला एवढं कळू दे. मग माझं काय बी होवो."

नाही कसं म्हणणार? न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली. शेजारी इनामगावची एक आजी. कुठं निघालात विचारलं, मी सांगितलं. सगळी गोष्टच सांगावी लागली. ती ऐकून म्हणते, "आमच्या गावात पार जुन्या काळची मानसं सापडल्यात, सायबलोकांनी खनून काढल्यात. मेलं मानूस की घरातच पुरायचं, आन् पायाचे पंजे तोडून टाकायचे. का? तर जाऊ नये कुठं." मी खिडकीतून बाहेर बघायला लागले. तोच आजीनं कोपर मारलं, "आन् मंग, जेवून गेला का राहिला गं?"

सरांकडं पोचले. सर एकदम खूश. "अगं, हीच तर त्या गोष्टीची ताकद! लेखकानं शेवट वाचणाऱ्यावर सोडलाय!"

मी म्हटलं, "सर, लेखकानं वाचणारीवर सोडला, ऐकणाऱ्यांनीही माझ्यावरच सोडला. मी कुणावर सोडू?"

आतून त्यांच्या बाई ओरडल्या, "राहिला असेल! एवढ्या उन्हात कोण कुठं जातंय!" आणि सर मला दारापर्यंत सोडायला आले, बाई आतच आहेत ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाले, "फेथ, तुला काय वाटतं गं?"

म्हणजे मास्तर पण कामातून गेलेले!

परतीच्या वाटेवर मी खूप विचार केला. प्रार्थनेच्या जागी खोटं बोलायचं का? पण एक थकलेली बाई अन्न सोडून बसली आहे. आणि ती स्वतःच वाट बघणारी. वाट बघणारीला काय ऐकायला आवडेल? की आलेला माणूस राहिला. बरोबर ना? तुम्हीही हेच सांगितलं असतं ना?

बुधवारी मी उभी राहिले आणि म्हटलं, "विचारून आले. तो राहिला. जन्मभर राहिला."

अहो, काय आनंद! पाळकबाई म्हणाल्या, "स्तुती असो!" ताईबाई, ज्या प्रार्थनेला कधी डोळे मिटत नाहीत, त्यांनी मिटले आणि पदरानं पुसले. तेजश्रीनं टाळ्या वाजवल्या. लविनियाच्या वतीनं मीच उपकारस्तुती केली. एवढ्या दिवसांची विनंती सुटली! मला वाटलं, सुटले मी पण.

दबोरामावशींनी मान वर केली. मग म्हणाल्या, "राहिला व्हय?"

म्हटलं, हो मावशी.

"बरं झालं तिचं." आपल्या हाताकडं बघत त्या म्हणाल्या, "मंग त्याच्या घरी कोन आसंल? त्याला बी आई आसंलच की. तिनं बी झाकून ठेवलं आसंल ना काय तरी."

टाळ्या थांबल्या. आणि मला तेव्हा कळलं, मी काय करून बसले. मी मावशींच्याच मुलाला माझ्या हातानं दुसरीच्या ओसरीवर जेवायला बसवून आले होते.

पाळकबाई घसा साफ करून म्हणाल्या, "त्या आईसाठी विनंती घेऊ या. नाव काय तिचं?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, ती गोष्टीत नाहीच. तिचं नाव मी कुठून आणू?"

"न्हाई ना?" दबोरामावशींनी पदर सारखा केला. "मंग माझंच घाला. ती कुठं बघायला येतीया."

घातलं. काय करणार! इतक्या वर्षांत त्यांचं नाव विनंतीत घ्यायला मिळालं, ते असं.